पोरं जपा, पण आमचं काही बिघडू देऊ नका

बालेवाडी सोडली की म्हाळुंगे, म्हाळुंग्यापुढे नांदे आणि नांद्याला लागून चांदे. २०२१ च्या जूनअखेर म्हाळुंगे आणि सूस पुणे महापालिकेत गेली, मुळशी तालुक्यातली नांदे-चांदे मागे राहिली. मागे राहिली ती फक्त कागदावर. एका अंगाला माण-हिंजवडी, दुसऱ्या अंगाला लवळ्याची टेकडी, अशा जागी बसलेल्या गावातला गुंठ्याचा भाव महापालिकेची वाट बघत थांबत नाही. तो कधीच शहरात जाऊन बसलाय.

अशा गावात सकाळी सगळ्यात घाई कुणाला असते? खडीच्या डंपरला. त्याच्या मागे काँक्रीटचा मिक्सर. माल घट्ट व्हायच्या आत ओतायचा असतो, म्हणून त्यालाही दम नाही. मग पाण्याचा टँकर, मग कंपनीची कॅब. आणि या सगळ्यांच्या डाव्या हाताला, जिथे डांबर संपतं आणि खड्डा सुरू होतो त्या वीतभर पट्टीवर, पाठीला दप्तर अडकवलेलं पोर. या रस्त्यावर उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभं राहावं लागतं ते फक्त त्याला.

या पोराला जपायला आपण काय कमी केलंय? दप्तराचं वजन पोराच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, असा शासन निर्णय २०१५ मध्येच निघाला. दप्तर हलकं असलं की डंपर चुकवायला बरं पडतं, असा काहीतरी शास्त्रीय विचार त्यामागे असणार. २०२३ मध्ये पुस्तकातच वहीची कोरी पानं शिवली, म्हणजे वह्या न्यायला नकोत. पोरं पुस्तकंही नेऊ लागली आणि वह्याही. २०२५ च्या जानेवारीत ती कोरी पानं रद्द झाली. पोरांचं ओझं कमी करायच्या नादात पुस्तक जाड करून दाखवणारं राज्य म्हणून आपली नोंद व्हायला हरकत नाही.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पोरांची झोप होत नाही. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या अखेरीस हा विषय काढला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत हुकूम सुटला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नका. चांगला हुकूम. पण दोन पाळ्यांच्या शाळा म्हणाल्या, आमची दुपारची पाळी कुठे बसवू? व्हॅनवाले काका म्हणाले, आमच्या फेऱ्या कोलमडतात. नोकरदार आईबाप म्हणाले, ९ वाजता पोराला सोडायचं तर आम्ही हापिसला कधी पोचायचं? सगळ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. झोपेची अडचण असलेला एकच जण होता आणि तो तेव्हा पेंगत होता.

आता समित्या. महाराष्ट्रातल्या शाळेला एक वेळ मैदान नसेल, समिती नाही असं होत नाही. व्यवस्थापन समिती आहे. २०११ च्या स्कूल बस नियमांनी आणलेली परिवहन समिती होती, तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक. २०२२ पासून सखी सावित्री समिती आहे. पालक-शिक्षक संघ, माता-पालक संघ होते. तक्रारपेटी आहे, तिची किल्ली कुणाकडे यावर वेगळी चर्चा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला त्याने राज्य हादरलं, आणि हादरलेल्या राज्याने आठवड्याभरात नवा शासन निर्णय काढला: सीसीटीव्ही बसवा, फुटेज तपासा, पेटी उघडा, समिती नेमा. यातलं बरंचसं आधीच्या निर्णयांत लिहिलेलं होतं. शेवटी २०२५ मध्ये सरकारलाच मुख्याध्यापकांची दया आली आणि या समित्या एकमेकींत विलीन करून मोजक्याच ठेवल्या. पोरांना त्यामुळे काय फरक पडला ते माहीत नाही, इतिवृत्ताच्या वह्या मात्र वाचल्या.

अंड्याचं तेच. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने ठरवलं, शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, आणि जो खात नाही त्याला केळं. अंडं द्यावं की देऊ नये, यावर ज्यांच्या घरचं कुणी ते खाणार नव्हतं त्यांनी भरपूर मतं दिली. २०२५ च्या जानेवारीत सरकार म्हणालं, अंड्याला आमच्याकडे पैसे नाहीत, गावाने लोकवर्गणीतून काय ते बघावं. राज्यातल्या किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत छापलेलं आहे. त्यांना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. गोळी केंद्राची, अंडं राज्याचं. गोळी टिकली.

२०२५ मध्येच सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या शीतपेयात किती चमचे साखर असते हे फळ्यावर मांडायचं. मुळशी-मावळचा आपला साखर कारखाना कासारसाईला आहे. साखर वाढावी म्हणून मतदान करणारे बाप आणि साखर घटावी म्हणून तक्ता रंगवणारी पोरं एकाच घरात राहतात. शाळेच्या आवाराभोवती ५० मीटरपर्यंत अरबट-चरबट विकू नये असा नियम आहे आणि १०० यार्डांत तंबाखू विकायची नाही हा त्याहून जुना. टपरीवाल्याला यार्ड म्हणजे किती ते कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते तिथेच उभे राहून पुडी फाडत असतात. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे आज बारावीत असलेल्या पोराने शहाणपण आल्यापासून गुटखा फक्त बंदीतच पाहिलेला आहे. रोज पाहतो.

एवढं सगळं करूनही पोरं का सुरक्षित नाहीत, असं लोक भाबडेपणाने विचारतात. वरची यादी पुन्हा बघा आणि सांगा, यात मोठ्या माणसाचं काय बिघडलं? दप्तर पोराचं, तक्ता पोरांचा, समिती मास्तरांची. जिथे जिथे मोठ्यांची सोय बिघडायची वेळ आली, तिथे तिथे उपाय अडला किंवा मागे फिरला: झोपेत अडला, अंड्यात फिरला. पोरांची काळजी आम्हाला मनापासून आहे. फक्त ती आमच्या वेळेत आणि दुसऱ्याच्या खर्चात झाली पाहिजे.

म्हणून मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं फार अप्रूप वाटतं. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं, संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की ८.३० पर्यंत मोबाइल आणि टीव्ही बंद. पोरांचे नव्हे, सगळ्यांचे. म्हणजे आजीची मालिका गेली आणि बापाचं रीळही गेलं. ‘असर’ची २०२४ ची शैक्षणिक पाहणी सांगते की ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासाला वापरला आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांना. आपल्याकडे यावर व्याख्यानं होतात. व्याख्याते पोरांना सांगतात, फोन वाईट. मागे पालक ते व्याख्यान उभ्या फोनवर चित्रित करत असतात, स्टेटसला टाकायला. वडगावने व्याख्यान ठेवलं नाही, भोंगा ठेवला.

चांद्या-नांद्याकडे असा भोंगा वाजायचा तर तो फोनसाठी नको. किल्लीसाठी वाजवा.

दहावीचा निकाल लागला की आपल्या पट्ट्यात पेढ्यांच्या आधी गाडी येते. पोरगं १५-१६ वर्षांचं. कायद्याने १६ व्या वर्षी चालवता येते ती ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, आणि तीही परवाना काढून. तसली गाडी दुकानात शोधायला गेलात तर दुकानदार तुम्हाला पाणी देईल आणि खालून वर बघेल. तेव्हा येते ११० ची, नाहीतर १५० ची, नाहीतर थेट बुलेट, जिचं स्टँड लावताना पोराचे दोन्ही पाय हवेत असतात. बापाला हटकलं तर ठरलेलं उत्तर: “चालवतंय की चांगली. सातवीपासनं चालवतंय.” म्हणजे गुन्हा नवा नाही, याबद्दल तरी निर्धास्त राहा.

हा नुसता लाड नाही. जमीन गेली, पैसा आला, पोराला द्यायला वेळ नाही, मग गाडी. ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा आपल्या तालुक्याने शिट्ट्या वाजवल्या. विकलेल्या जमिनीनंतर पोराचं काय होतं ते त्यात दाखवलं होतं. आपण त्यातले संवाद पाठ केले. आता पुण्यात कोयते घेऊन धरलेल्यांत मिसरूड न फुटलेली पोरं निघतात, कोयत्याने केक कापतात, आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छुक म्हणून तालुक्यातली अर्धी प्रतिष्ठित मंडळी हात जोडून उभी असतात. यांच्यासाठी मार्गदर्शन शिबिर घ्या म्हणतात. घ्या. आधी फ्लेक्सवरचे हात खाली घ्या.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. सगळा देश खवळला, आदेश पुढे बदलला. आपणही खवळलो, व्हॉट्सॲपवर तो निबंध लिहून पाठवण्याची चढाओढ लागली. पण तेव्हाही आपल्या अंगणात उभी असलेली बुलेट आपल्याला दिसली नाही, कारण पोर्शे श्रीमंताची आणि बुलेट हौसेची. कायद्याला हा फरक कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ सांगतं: अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीमालक, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. पोरगी बघायला जाताना जावयाने रिक्षाने जायचं, असा त्याचा अर्थ. निदान एवढं सांगून बघा, मुळशीत दंडापेक्षा हे जास्त लागू पडेल.

(मुलींच्या हातात किल्ली एवढ्या लवकर जात नाही. तिला म्हणतात, रस्ता वाईट आहे. भावाला तोच रस्ता चालतो.)

आणि रस्ता वाईट आहे, हे खोटं नाही. २०२५ च्या जानेवारीत हिंजवडी-माण रस्त्यावर भरलेला मिक्सर वळणावर उलटला आणि दुचाकीवरच्या दोन कॉलेजच्या मुली त्याखाली गेल्या. त्यांनी कोणतं दप्तर किती किलोचं घेतलं होतं, कुणी मोजलं नाही. अशा दिवशी बंदोबस्त येतो, साहेब येतात, अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असल्याची आठवण सगळ्यांना होते. गर्दीची वेळ म्हटली की डोळ्यांसमोर हापिसची वेळ येते. शाळा भरायची आणि सुटायची वेळ कुठल्या फलकावर लिहिलेली मी तरी पाहिली नाही.

पोरांच्या यशाबद्दलही काही लिहायला हवं, कारण पालकांना मुलांच्या आरोग्यापेक्षा तो विषय जवळचा. थोडक्यात: केंद्राने २०२४ च्या जानेवारीत क्लासवाल्यांना सांगितलं, १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका. सहावीचे फाउंडेशन वर्ग त्यानंतरही जोरात आहेत. बालेवाडीचं क्रीडासंकुल, जिथे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, ते चांद्यापासून गाडीने फार लांब नाही. आपली पोरं त्याच्या कुंपणावरून क्लासला जातात.

तर करायचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी दोन कामं आहेत, दोन्हींत मोठ्यांची सोय बिघडते. पहिलं, १८ वर्षं पुरी होऊन परवाना हातात येईपर्यंत किल्ली बापाच्या खिशात. आई देत असेल तर आईच्याही. दुसरं, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास डंपर, मिक्सर गावाबाहेर उभे. अवजड वाहनांवर वेळेची बंदी घालायचा अधिकार ग्रामसभेला नाही, पण ठराव करून पोलिसांकडे मागणी करायला कुणाची ना नाही. गावातल्या निम्म्या डंपरांवर मागच्या बाजूला ज्यांची नावं रंगवली आहेत, तीच मंडळी ग्रामसभेला पुढच्या रांगेत असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ठराव तिथे मांडायचा. नाही म्हणायचं असेल तर गावासमोर म्हणा.

आणि पैसे नाहीत, हे ऐकून घेऊ नका. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. एवढे टॉवर उभे राहिल्यावर घरपट्टीचं उत्पन्न काही पूर्वीचं राहिलेलं नाही. येत्या ग्रामसभेला जा, मागे उभं राहून शेरे मारू नका, हात वर करा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा: गेल्या वर्षीचे ते १० टक्के किती होते, आणि त्यातून शाळेच्या रस्त्याला किती फूट पदपथ झाला? उत्तर लेखी मागा.