टेस्टरवाले काका

इतरांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, आमच्या बोईसरच्या सोसायटीतल्या काकांच्या खिशाला टेस्टर. तारापूर एमआयडीसीत सगळी नोकरी मेंटेनन्सला झाली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, मेंटेनन्स काही सुटलं नाही. कुणाच्याही घरी गेले की लोक "या, बसा" म्हणतात आणि काका उभ्याउभ्याच भिंत न्याहाळतात. मग नमस्काराच्या जागी एक प्रश्न येतो, "मेन कुठून घेतलाय?"

एखादं बटण चरचरतंय असं चुकून बोलून गेलात की संपलंच. आधी मेन बंद. मग "बॅटरी धर" आणि "बशी आण". बॅटरी धरणाऱ्याला ती आयुष्यात कधीच नीट धरता येत नाही, "माझ्या तोंडावर नको रे, बोर्डावर!" हे वाक्य आमच्या इमारतीतल्या दोन पिढ्यांनी ऐकलंय. बशी लागते ती स्क्रू ठेवायला. त्यामुळे काका चहा नेहमी कपातूनच पितात.

बोर्ड उघडला की व्याख्यान सुरू. "हा लाल, फेज. मेनमधून एकच आलाय. पहिल्या बटणाच्या एका स्क्रूला बांधला. तिथून वायरचा तुकडा दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. ह्याला म्हणायचं लूप! आता प्रत्येक बटणाच्या दुसऱ्या स्क्रूवरून एकेक वायर आपापल्या दिव्याला. आणि हा काळा, न्यूट्रल. तो दिव्याच्या बटणाला शिवतच नाही, थेट दिव्याकडे जातो." मग सगळ्यांकडे एक नजर टाकून ठेवणीतलं वाक्य: "फेज एकच, बटण ज्याचं त्याचं!"

हे वाक्य ते कुठेही वापरतात. शेजारच्या दोघा भावांनी एकाच घरात दोन चुली मांडल्या तेव्हा सगळी इमारत हळहळली. काका तेवढे शांत होते. "एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो, चांगलंच की," म्हणाले. दिवाळीत जुन्या बल्बच्या माळेतला एक उडून सगळी माळ विझली की मात्र त्यांचा चेहरा पडतो. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना, हे त्यांना पटतच नाही.

एका वायरवरून काय काय घ्यायचं याचंही शास्त्र आहे. नऊ वॅटचे दहा एलईडी लावले तरी नव्वदच वॅट. २३० व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा होत नाही. दिव्यांना दीड स्क्वेअरची वायर पुष्कळ झाली. पण तळमजल्यावरच्या एकाने "त्याच बोर्डातून गीझर घेऊ का?" विचारलं, तेव्हा काका खुर्चीतून उठले. "दोन हजार वॅट भागिले दोनशे तीस! नऊ अँपिअर होतात जवळजवळ! दिव्याच्या लूपवर?" त्या गृहस्थांनी पुढचे कित्येक दिवस गार पाण्याने अंघोळ केली, पण गीझरला मेनपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली.

पहिल्या पावसात लाइट गेली की गॅलरीत तेच ठरलेलं वाक्य येतं, "देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून इथे, आणि अंधार आपल्याच घरात!" काका अंधारातच समजावतात, "ती वीज आधी ग्रिडला जाते. आपल्याकडे येते गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून. अणूला कशाला नावं ठेवता?"

एवढ्या ज्ञानी माणसाच्या स्वतःच्या हॉलमध्ये आठ बटणांचा बोर्ड आहे आणि कोणतं बटण कशाचं हे पाहुण्याला कधीच कळत नाही. पंखा लावायला जावं तर न्हाणीघरात दिवा लागतो. काकांना त्याचा पत्ता नाही, कारण घरात बटणं काकूच दाबतात.

मुलीने पालघरला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गुरुजी संकल्प सांगत होते आणि काका दिसेनात. सापडले न्हाणीघरात, स्टुलावर. बटण बंद, बल्ब काढलेला, टेस्टर होल्डरमध्ये. आणि टेस्टर पेटलेला!

"बटण न्यूट्रलवर टाकलंय!" काका ओरडले. "दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट तसाच! उद्या पोरगी ओल्या हाताने बल्ब बदलायला गेली असती तर?"

मेन बंद झाला. पंखे थांबले, गुरुजी उपरण्याने वारा घेऊ लागले, पूजेतल्या बशीतली हळद पुडीत गेली आणि बशीत स्क्रू आले. जावई निमूटपणे बॅटरी धरून उभे राहिले. चुकीची धरली, हे सांगायला नकोच. फेज बटणावर आला, न्यूट्रल सरळ दिव्याला गेला, मेन चालू करून, बटण बंद ठेवून पुन्हा होल्डरला टेस्टर लावला, पेटला नाही. मगच काका हात धुऊन आरतीला आले आणि जेवताना जिलबी दोनदा मागून घेतली.

पानं उठतात न उठतात तोच समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दारात आले. "काका, आमच्याकडेही त्याच माणसाने वायरिंग केलंय..."

काकांचा हात खिशाकडे गेला. काकूंनी त्या मजल्यावरची दारं मोजली आणि जावयांना म्हणाल्या, "रात्रीची शेवटची डहाणू लोकल कितीची आहे, तेवढं बघून ठेवा."