प्रश्नमहर्षी

कोलोनमधल्या कुठल्याही संध्याकाळच्या जर्मन वर्गात हा गृहस्थ भेटतोच. मूळचा लीड्सचा, नाहीतर ब्रिस्टलचा. वय चाळिशीच्या आसपास, खिशात तीन रंगांची पेनं. तुम्हाआम्हाला प्रश्न पडतात. हा प्रश्न बांधतो.

त्याचं पहिलं दुखणं 'डू'. इंग्रजीत 'यू ड्रिंक कॉफी'चा प्रश्न करायचा, तर या दलालाला पुढे घातल्याशिवाय भागत नाही. जर्मनमध्ये दलाली बंद. क्रियापद स्वतःच उठून पुढे येतं : 'ट्रिंक्स्ट डू काफे?' यातला 'डू' म्हणजे साधा 'तू'. पण गृहस्थाची बरेच दिवस पक्की समजूत, की दलाल तोच, फक्त जागा बदलून बसलाय.

मग 'वेर' आणि 'वो'. 'वेर' ऐकलं की इंग्रजी कानाला 'व्हेअर' वाटतं, म्हणजे 'कुठे'. जर्मनमध्ये 'वेर' म्हणजे 'कोण', आणि 'कुठे'ला 'वो'. त्यामुळे एकदा त्याने भर चौकात पोलिसाला अत्यंत अदबीने विचारलं, "स्वच्छतागृह कोण आहे?" पोलीस म्हणाला, "मी नाही."

अशा खस्ता खाऊन आता तो महर्षिपदाला पोचलाय. स्टेशनवर खिडकीशी उभा राहून म्हणतो, "वान फेर्ट डेर त्सूग नाख बॉन आप?" बॉनची गाडी कधी सुटते? 'आप' हा क्रियापदाचा तुटलेला तुकडा थेट वाक्याच्या शेवटी ठेवायचा असतो. तो ठेवताना त्याचे डोळे मिटतात. खिडकीतली बाई वेळ सांगते, फलाट सांगते. हा अजून 'आप'च्या चवीतच. गाडी निघून जाते. शेजारचा जर्मन आजोबा साधं विधान करून नुसता सूर वर चढवतो, "बॉनला जाणार तुम्ही?" तोही रीतसर प्रश्नच, पण महर्षींच्या लेखी तो शुद्ध आळस.

त्याची खरी कोंडी होते कोलोनच्या बिअरघरात. इथला वाढप्या, 'क्योबेस', विचारत नाही. वीस सेंटीलिटरचा पेला रिकामा दिसला की भरलेला समोर आदळतो. महर्षींनी 'मला आणखी एक मिळेल का?' मनात घोळवून आणलेलं. तोंड उघडेपर्यंत पेला हजर. प्रश्न वाया. पुढचा बांधावा, तोवर पुढचा पेला.

पेल्याखालचा पुठ्ठा उचलून पेल्यावर ठेवला की क्योबेस थांबतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तो आता सर्वांत अवघड रचनेला हात घालतो : 'हे थांबवायचं कसं, ते आपण मला कृपया सांगू शकाल का?' अशा आडवळणी प्रश्नात आतलं क्रियापद शेवटी जातं. क्रियापद शेवटाकडे निघालेलं असतं, आणि सातवा पेला त्याच्याआधी पोचतो.