रकाना नऊ

जिल्ह्याची करिअर-सज्जता सध्या प्रपत्र 'ब'च्या रकाना नऊपाशी अडली आहे. त्या रकान्यात एवढंच छापलंय: 'तज्ज्ञाची सही व शिक्का'.

तज्ज्ञ कोण, हे धोरणानेच सांगून ठेवलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा जाणत्या माणसांच्या हाताखाली उमेदवारी करायची. कल्पना झकास आहे. राजधानीतून निघाली तेव्हाही झकासच होती. जिल्ह्यावर पोचली तेव्हा तिला तीन प्रपत्रं फुटली होती, तालुक्याला येईस्तोवर रकाने फुटले आणि केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उतरली तेव्हा माहिती सादर करण्याची मुदत आदल्या दिवशीच संपलेली होती. त्यात धोरणाने २०२५ पर्यंत शाळा-कॉलेजातल्या किमान निम्म्या मुलांना व्यवसायशिक्षणाची ओळख करून देऊ म्हटलं होतं. २०२५ सरलं. आता ती थकबाकी गुरुजींकडून वसूल होते आहे.

यासाठी जिल्हास्तरीय पूर्वतयारी कार्यशाळा झाली. दीपप्रज्वलन झालं, रोपटं देऊन स्वागत झालं, 'अधिक कठोर निकषांना सामोरे जाताना' या विषयावर साहेबांनी पडद्यावर बाण दाखवले. सगळे बाण वर जात होते. शेवटी शंकासमाधानाला सात मिनिटं राहिली तेव्हा मागच्या रांगेतल्या एका गुरुजींनी उभं राहून विचारलं, "सर, सुताराकडे शिक्का नसतो."

सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. साहेबांनी विस्तार अधिकाऱ्यांकडे पाहिलं, विस्तार अधिकाऱ्यांनी केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुखांनी चहावाल्याकडे. मग साहेब म्हणाले, "मग करून घ्या."

आणि जिल्हा कामाला लागला. तहसील कचेरीबाहेर मुद्रांकविक्रेत्यांच्या शेजारी एक शिक्के बनवणारा बसतो. आजवर सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि वकील एवढ्यांवर त्याचं पोट चालायचं. आता त्याच्यापुढे गुरुजींची रांग लागली. पहिला प्रश्न, शिक्का गोल की आडवा? गोल शिक्का संस्थेचा, आडवा व्यक्तीचा. सुतार व्यक्ती की संस्था, याबाबत वरून मार्गदर्शन मागवण्यात आलं. ते येईपर्यंत मुदत टळेल म्हणून गुरुजींनी दोन्ही करून घेतले, अर्थात स्वतःच्या खिशातून, कारण या लेखाशीर्षाखाली तरतूद नाही. मजकूर टाकला 'सुतार'. प्रपत्र परत आलं: पदनाम नमूद नाही. मग नवा शिक्का केला, 'स्थानिक व्यावसायिक तज्ज्ञ (काष्ठकला)'. तोही परत, कारण रकाना सातमध्ये तज्ज्ञाची शैक्षणिक अर्हता विचारली आहे आणि पोर्टल दहावीच्या खालचं काही घेतच नाही. आमचा सुतार चौथीपर्यंत शिकलेला. शाळेच्या दाराच्या चौकटी त्याच्या, ग्रामपंचायतीचं टेबल त्याचं, पाटलांच्या वाड्याचा जिना त्याचा. पण पोर्टलवर तो बसत नाही. शेवटी त्याच्या पुतण्याला तज्ज्ञ केलं. पुतण्या बी. ए. आहे, एसटी स्टँडसमोर मोबाईलला काचा चिकटवतो आणि रंधा धरायची बाजू कोणती हे त्याला विचारून सांगावं लागतं. पण अर्हतेत बसला. त्याच्या नावाचा चौथा शिक्का झाला. आता हा शिक्का ठेवायचा कुठे? दुकानात ठेवला तर हरवणार. म्हणून तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, जन्मतारखेच्या दाखल्यांशेजारी कुलपात आला. आणि शिक्का शाळेतच आहे म्हटल्यावर सुताराकडे जायचं कारण उरलं नाही. एका दुपारी चाळीस प्रपत्रं, एक स्टँपपॅड आणि सातवीची चार चुणचुणीत मुलं घेऊन दहाही दिवसांची उमेदवारी पार पडली. मुलं सुतारकाम शिकली नाहीत, हे खरं. पण शिक्का सरळ कसा मारायचा, शाई जास्त झाली तर टिपकागद कसा दाबायचा, सही आधी की शिक्का आधी आणि तारीख मागची कशी घालायची, हे त्या पोरांना पक्कं समजलं. उद्या कुठल्याही कचेरीत बसवा, दुपारच्या आत रुळतील. करिअर-सज्जता म्हणतात ती हीच असेल तर जिल्ह्याने ती गाठली.

हसून झालं असेल तर थोडं मागचं काढतो. हाताला काम देऊन शिकवावं हे काही २०२० साली कुणाला सुचलेलं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्याच वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि मुलाचं शिक्षण हस्तोद्योगाभोवती उभं करा, असा ठराव झाला. पुढे शाळाशाळांत टकळ्या आल्या आणि किती वार सूत निघालं याचे तक्ते भिंतींवर लागले. १९६६ च्या शिक्षण अहवालाने 'कार्यानुभव' आणला. माझ्या पिढीला तो तास आठवत असेल. आठवड्यातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा गणिताचे सर तो मागून घ्यायचे. वर्षाअखेरीला वही लागायची तेव्हा घराघरांत आया रात्री जागून कागदी फुलं करायच्या. आम्हाला त्यात 'अ' श्रेणी मिळायची. खरं तर आयांना मिळायला हवी होती. दर तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी मुलांच्या हाती हत्यार द्यायला निघतं आणि प्रत्येक वेळी मुलांच्या हाती वही येते.

प्रपत्रात रकाना अकरा आहे, 'तज्ज्ञास दिलेले मानधन'. त्यापुढे 'निरंक' हा शब्द आधीच छापून आलाय. भरायची तसदी नाही. बलुतेदारी वाईटच होती, तिच्या नावाने गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण त्या काळात सुगीला खळ्यावर सुताराच्या पदरात चार पायल्या धान्य तरी पडायचं. या योजनेत त्याला तज्ज्ञ म्हणायचं, त्याचा दिवस मोडायचा, पंधरा पोरं त्याच्या अंगावर सोडायची, वर त्याने प्रमाणित करायचं की सदर विद्यार्थ्यांनी कौशल्य आत्मसात केलं. मोबदला निरंक.

त्याचा स्वतःचा मुलगा सातवीत आहे. लग्नसराईत कपाटांची कामं येतात तेव्हा तो बापाला पॉलिश पेपर मारून द्यायला चार दिवस घरी राहिला. गैरहजर लागला, नंतर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात त्याचं नाव आलं, घरी पथक आलं, बापाला समज दिली गेली. तोच मुलगा, तोच बाप, तोच पॉलिश पेपर. आता मात्र त्याला अनुभवाधारित शिक्षण म्हणायचं आणि फोटो काढून पाठवायचा. सुतार मला म्हणाला, "यातून बाहेर पडावा म्हणून तर पोराला शाळेत घातला. शाळा त्याला परत माझ्याकडेच पाठवती?" कार्यशाळेतल्या वर जाणाऱ्या बाणांत याचं उत्तर शोधलं. सापडलं नाही. साहेबांचे चिरंजीव लातूरला नीटची तयारी करतात. त्यांचा एक दिवस दप्तराविना गेला तर साहेब त्या क्लासविरुद्ध ग्राहक आयोगात जातील.

आणि गुरुजी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. शिक्के गोळा करणं यांपैकी कशात बसतं? मला विचाराल तर आपत्तीत. पण निवारणात नक्की नाही.

या सगळ्यात एकच शहाणी सूचना आली, तीही सुताराची. तो म्हणाला, शाळेतले बावीस बाक मोडलेत, मला द्या, पोरांना घेऊन इथेच नीट करतो. पोरंही शिकतील, बाकही होतील. गुरुजी हरखले. मग कुणीतरी आठवण करून दिली की बाक जडसंग्रह नोंदवहीत आहेत. निर्लेखन झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. निर्लेखनाला बाक 'दुरुस्तीपलीकडे' असल्याचा दाखला लागतो आणि हे तर दुरुस्त होण्यासारखे आहेत! शिवाय विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबतचं वेगळं पत्र आहे: मुलांनी करवत, पटाशी, वाकस इत्यादी धारदार हत्यारं हाताळू नयेत, केवळ निरीक्षण करावं. म्हणजे मुलांनी फरशीवर बसायचं आणि मोडक्या बाकांचं निरीक्षण करायचं. तो उपक्रम तशीही शाळेत दोन वर्षं चालू आहे.

पुढचा आठवडा कुंभाराचा. आमच्या गावातलं शेवटचं चाक कधीच थांबलं, घरातली पोरं पुण्याला कंपनीत गेली. 'निरंक' कळवावं तर पत्रात ठळक अक्षरांत लिहिलंय की, निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही. (मानधनाला चालतो, कुंभाराला चालत नाही.) केंद्रप्रमुखांनी फोनवरून तोडगा काढला: उपलब्ध मनुष्यबळातून व्यवस्था करावी. पहिली ते सातवीच्या या शाळेत उपलब्ध मनुष्यबळ म्हणजे दोन गुरुजी. त्यामुळे सोमवारपासून धाकटे गुरुजी कुंभार म्हणून प्रतिनियुक्तीवर आहेत आणि सातही वर्ग थोरल्या गुरुजींकडे.