पावणेनऊ किलोंचा समुद्र

बारामती-इंदापूर पट्ट्यात माणसाची ऐपत पूर्वी बैलजोडीवरून कळायची, मग ट्रॅक्टरवरून कळू लागली, मग गाडीच्या नंबरवरून. आता दिवाणखान्यात सोफ्याशेजारी निळा उजेड दिसला की समजावं, घरधन्याने खाऱ्या पाण्याचे मासे पाळले आहेत. गोड्या पाण्याचे पाळणारा गडी वेगळा. तो मासा मेला तर दुसरा आणतो आणि सुखाने झोपतो. खाऱ्या पाण्यावाला रात्री दोनला उठून बॅटरी मारून मासे मोजतो.

आमचे बापू या पंथातले. रान इंदापूर तालुक्यात, बंगला बारामतीत, आणि जीव अरबी समुद्रात. शाळेच्या सहलीत त्यांना मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. १९५१ साली उघडलेल्या त्या इमारतीत बाकीची पोरं शेंगदाणे खात पुढे गेली, बापू काचेला नाक लावून उभे राहिले. ते नाक पुढची तीस वर्षं तिथून निघालंच नाही.

घरी येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बापू, ह्याचं कालवण कसं लागतं?" त्यात पाहुण्यांचा दोष नाही. उजनी धरणाच्या जलाशयाकाठच्या माणसाला मासा म्हणजे चिलापी, मरळ नाहीतर वाम, आणि निवडायचा तर भिगवणच्या बाजारात, कल्ले उचलून, लाल आहेत का बघून. टाकीतल्या एका माशाच्या पैशांत तिथे पाटीभर चिलापी येते, हा हिशेब वहिनी पाहुण्यांना चहाबरोबर देतात.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी अडीचशे लिटर. समुद्राच्या एका लिटरात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे बापूंच्या समुद्राला पावणेनऊ किलो मीठ लागलं. तेही स्वयंपाकाचं चालत नाही. त्यात नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं लागतं. मिठाची बादली उतरवून घेताना बापूंचे वडील, आण्णा, ओसरीवर बसले होते. किंमत ऐकून त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आरं, कालव्याखालच्या रानातलं मीठ धुवून काढण्यात माझी हयात गेली. चर खणलं, जिप्सम टाकलं. आन् तू पैसं मोजून मीठ घरात आणलं व्हय?"

नीरा डावा कालवा १८८५ सालचा. त्याने या भागाला ऊस दिला आणि जिथे पाणी बेताल दिलं गेलं तिथे क्षारपड रानंही दिली. आण्णांना दोन्ही मिळालं होतं.

खारेपणा मोजायला बापूंनी आधी घरातलं ब्रिक्स मीटर काढलं. द्राक्षाची गोडी आणि उसाची पक्वता पाहायचं ते यंत्र आणि क्षार मोजायचं यंत्र दिसायला सख्खे भाऊ. दोन्हींत थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. बापूंनी डोळा लावला आणि सवयीने म्हणाले, "अजून तोडीला आला न्हाय."

नंतर कळलं की पाणी तयार झालं तरी मासे लगेच सोडायचे नसतात. चार-सहा आठवडे थांबायचं. माशाच्या घाणीतून अमोनिया निघतो; त्याचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी टाकीत वसावे लागतात. दुकानदार हे समजावत होता तेव्हा बापूंनी त्याला मधेच थांबवलं. "मालक, हे आम्हाला नका शिकवू. रानात युरिया टाकल्यावर दुसरं काय होतं?" खरंच तेच होतं. फरक इतकाच की रानातलं नायट्रेट ऊस खाऊन टाकतो. टाकीत ऊस नसतो, म्हणून पाणी बदलावं लागतं.

मग मासे निवडायची वेळ आली, आणि बापूंमधला सहकारातला माणूस जागा झाला. साखर कारखान्याच्या तीन निवडणुका त्यांनी जवळून पाहिलेल्या. वही काढली, वर लिहिलं 'पॅनेल', आणि खाली नावं. गोम अशी, की बापूंना जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. जो मासा दिसला, त्याला तिकीट दिलं.

पहिली आली निळी डॅमसेल. स्वस्त, चिवट, कसल्याही पाण्यात तगणारी. ती एकटी असताना सगळी टाकी तिची झाली, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तिने जुन्या संचालकासारखं कोपऱ्यात दाबलं. भांडखोर मासा सगळ्यांत शेवटी सोडायचा, हा नियम बापूंना तेव्हा कळला.

धाकट्या मुलीने २००३ चा 'फाइंडिंग निमो' इतक्या वेळा पाहिलेला की निमो आणि डोरी दोघांना तिकीट देणं भागच होतं. डोरी म्हणजे निळा टँग. पिलू दोन बोटांएवढं, म्हणून बापू खूश. तो वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला लांबलचक जागा लागते, हे ऐकल्यावर त्यांनी चार फुटांच्या टाकीकडे आणि माशाकडे आळीपाळीने पाहिलं.

लायनफिश रुबाबदार. पिसारा फुलवून, कुणाकडे न बघता हिंडणारा, काट्यांत विष. तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. त्याच्या गटात पक्षप्रवेश भराभर झाले. प्रवेश केलेला पुन्हा कुणाला दिसला नाही. मँडरिनचे रंग पैठणीला लाजवतील असे, पण तो खातो बारीक जिवंत किडे, आणि नव्या टाकीत ते नसतात. व्यासपीठावर बसून तो बिचारा उपाशी मेला. समुद्रघोडाही यादीत होता. पण वकील भाच्याने सांगितलं, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. समुद्रघोडा घरात ठेवायचा नाही, प्रवाळही नाही. बापू म्हणाले, "म्हंजे हे दोन अर्ज छाननीतच बाद."

पॅनेलमध्ये चाललं ते फक्त क्लाऊनचं, म्हणजे निमोचं. बापूंनी त्यांना पिशवीतून टाकीत सोडताना ठिबकची बारीक नळी लावली. थेंब थेंब पाणी पिशवीत, दीड तास. पुण्याचा दुकानदार म्हणाला, इतकं नीट कुणीच करत नाही. बापू म्हणाले, "आमचा ऊसबी असंच पितो." हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा मादी होतो आणि घर चालवतो. मादी मेली तर उरलेला नर मादी होतो.

"म्हंजे अध्यक्षपद कायमचं महिला राखीव!" बापू.

"माशांना कळलं," वहिनी आतून म्हणाल्या.

एप्रिल आला. बारामतीचा पारा चाळिशीच्या वर गेला, टाकीतलं पाणी रोज दोन बोटं उतरू लागलं. बापू इमानदारीने रोज मिठाचं पाणी कालवून भर घालायचे. मासे धापा टाकू लागले. बापूंनी दिवा बदलला, पंप बदलला, खाद्य बदललं. दुकानदार औषधाच्या बाटल्या देत राहिला.

एका दुपारी आण्णा काठी टेकत आले, टाकीसमोर बसले. काचेच्या वरच्या कडेला पांढरा थर धरला होता. तो त्यांनी नखाने खरवडला, जिभेला लावला, आणि पन्नास वर्षं मागे गेले.

"आरं, ही तर वढ्याकडच्या रानाची गत. पाणी उडून जातं, मीठ जाग्यावर ऱ्हातं. त्यात तू रोज नवं मीठ घालतूयास. गोडं पाणी घाल."

बापूंनी यंत्राला डोळा लावला. यावेळी 'तोडीला आला' म्हणण्याच्याही पुढची गोष्ट होती. तेव्हापासून आटलेल्या पाण्याच्या जागी फिल्टरचं गोडं पाणी पडतं, आणि ओसरीवरची आण्णांची खुर्ची दिवाणखान्यात, टाकीसमोर आली आहे.

आज त्या अडीचशे लिटरांत तीन मासे आहेत. क्लाऊनची जोडी, आणि तळाशी एक गोबी, जी दिवसभर वाळू उपसते. भीमाकाठच्या तालुक्यात वाळू उपसूनही जिला तहसील कचेरीची नोटीस येत नाही, अशी ती एकटीच. डॅमसेल, टँग आणि लायनफिश बापूंनी दुकानदाराला परत दिले. आयुष्यात त्यांनी तिकीट कापल्याची ती पहिली वेळ.

तुम्हालाही निळ्या उजेडाची हौस असेल, तर आधी बापूंकडे जाऊन या. ते माशांची यादी देत नाहीत, चार प्रश्न विचारतात. टाकी किती लिटरची? मासा पुरा वाढल्यावर केवढा? तो खातो काय? आणि खातो कुणाला? चारही उत्तरं देता आली तर चहा मिळतो. नाही आली, तर भिगवण फार लांब नाही. चिलापी ताजी मिळते.