चौघांतला म्होरक्या

आयजीएल, म्हणजे इन-गेम लीडर, हा ऑनलाइन खेळातल्या चार जणांच्या संघाचा म्होरक्या. शत्रू टिपणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव सहसा तळाला असते आणि हरल्यावर तेच सर्वांत आधी घेतले जाते. बेंगळुरूत ही जमात मुबलक आढळते. एचएसआर लेआउट, बीटीएम, मारतहळ्ळी किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एखाद्या पीजीत रात्री दहानंतर बंद दारामागून "झाड सोड, झाड सोड, गाडीत बस!" अशी आरोळी ऐकू आली की आत आयजीएल आहे असे खुशाल समजावे. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, हा खेळ चालवणाऱ्या क्राफ्टन इंडियाचे कार्यालयही याच शहरात आहे. पीजीच्या वायफायला त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

आयजीएल निवडून येत नाही, उरतो. संघातला पहिला एन्ट्री फ्रॅगर. तो आधी घरात घुसतो आणि आत किती जण आहेत ते नंतर विचारतो. दुसरा स्नायपर, तो लांबच्या टेकडीवर एकटाच पडून असतो आणि संघाशी त्याचा संबंध फक्त आवाजापुरता. तिसरा सपोर्ट; त्याच्या पिशवीत सगळ्यांसाठी औषधे असतात, त्याच्यावर वेळ येते तेव्हा संपलेली असतात. ही कामे वाटून झाली की ज्याचा नेम बेताचा आणि आवाज दांडगा, त्याच्या गळ्यात म्होरकेपणाची माळ पडते.

इथल्या मराठी आयजीएलांत बेळगावकडच्या मुलांना विशेष मागणी असते, आणि ती रास्त आहे. स्क्वाडमध्ये एक हुबळीचा, एक इंदूरचा आणि एक लातूरचा असा मेळ असला की एका भाषेने निभत नाही. बेळगावचा मुलगा मराठीत बेत आखतो, कन्नडात दटावतो, हिंदीत समजूत काढतो आणि शिव्या तिन्ही भाषांत समान वाटतो. शिवाय सीमेच्या वादाची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे खेळात दर काही मिनिटांनी आकसणाऱ्या सुरक्षित वर्तुळाने तो बावरत नाही. एरँगेल हे खेळातले आठ किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद बेट त्याला तोंडपाठ असते. त्यावरच्या पोचिंकी गावातल्या कोणत्या घराच्या कोणत्या खिडकीतून उडी मारता येते हे तो झोपेत सांगेल. आपली पीजी एचएसआरच्या कोणत्या सेक्टरात आहे हे मात्र डिलिव्हरीवाल्यालाच विचारतो.

संघ बांधणे म्हणजे मुख्यतः लोकांचे बोलणे कमी करणे, हे त्याला लवकरच उमगते. नवखा संघ "तो बघ, त्या झाडामागे" असे बोलतो, आणि एरँगेलवर झाडांना तोटा नाही. म्हणून पडद्यावरच्या होकायंत्राचा आकडा सांगायची शिस्त लावली जाते. आकडा कोणत्या भाषेत, हा पुढचा पेच. मराठीतले दोनशे त्रेसष्ट इंदूरच्या डोक्यात शिरेपर्यंत गोळीही शिरलेली असते. शेवटी सगळे मुकाट्याने 'टू-सिक्स्टी' म्हणू लागतात. तीन अंशांचा प्रश्न देवावर सोडतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात संख्या वाचायची रीत बदलली तेव्हा महाराष्ट्र खवळला होता. इथे तीच सुधारणा एका रात्रीत पचते.

दुसरा नियम मेलेल्यांसाठी असतो, आणि तो पाळायला सगळ्यांत अवघड. बाद झालेल्या खेळाडूला आयुष्यात प्रथमच सगळे स्वच्छ दिसू लागते. स्वतः जिथे चुकला ते सोडून बाकी सर्व डावपेच त्याला सुचतात. तो "डावीकडे, अरे डावीकडे" ओरडतो आणि जिवंत माणूस उजवीकडून मारला जातो. "मेलेल्याने बोलायचे नाही" हे वाक्य आयजीएल इतक्या वेळा उच्चारतो की शेजारच्या खोलीतला नवा भाडेकरू काही दिवस त्याच्याशी जपून वागतो.

लुटीची वाटणी हा भाऊबंदकीचा विषय. सहा-एक्स स्कोप एकच सापडतो आणि तो स्नायपरला द्यावा हे सगळ्यांना मान्य असते. ज्याला सापडला त्याला तेवढे मान्य नसते. या बाबतीत आयजीएल उपदेश करत नाही, आपली वस्तू आधी टाकून देतो. हा उपाय लागू पडतो, कारण त्याच्या नेमबाजीला स्कोपने फारसा फरक पडत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते.

खरी भांडणे मात्र गुणांवरून होतात. स्पर्धेत १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच बेटावर उतरतात. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण आणि टिपलेल्या प्रत्येक शत्रूमागे १ गुण. (त्याला 'मारला' म्हणत नाहीत, 'फिनिश' म्हणतात, आणि भारतीय आवृत्तीत रक्त हिरवे असते, अहिंसेची एवढी काळजी घेतलेली आहे.) सुरक्षित जागा धरून बसावे असे आयजीएल म्हणतो, फ्रॅगरचे म्हणणे, दहा जण टिपले तरी तेच दहा गुण. हिशेबाने दोघेही बरोबर असतात, त्यामुळे हा वाद मिटायची सोय नाही.

सरावाच्या सामन्याला स्क्रिम म्हणतात आणि तो ठरल्या मिनिटाला सुरू होतो. बेंगळुरूत ठरल्या मिनिटाला दुसरे काहीच सुरू होत नाही. एक जण हमखास सिल्क बोर्डच्या चौकात कॅबमध्ये अडकतो आणि तिथूनच खेळतो. गाडी हलत नसल्यामुळे नेटवर्क मात्र उत्तम असते. पाऊस आला की बेस्कॉमची वीज जाते. त्याहून मोठी अडचण वयाची. संघातला सर्वांत अचूक नेम बहुधा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचा असतो. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास ही मर्यादा २०२३ पासून खेळातच घातलेली आहे. तीन तास भरले की संघाचा हुकमी एक्का अभ्यासाला बसतो, निदान तसे वडिलांना वाटते, आणि उरलेले तिघे रेकॉर्डिंग लावून चुका शोधतात.

या बैठकीत आयजीएल दिवसभराची नोकरी वसूल करतो. सकाळी ऑफिसच्या स्टँड-अपमध्ये त्याला जे ऐकवले गेले ते रात्री तो इतरांना ऐकवतो. 'ब्लेम नको, लर्निंग काढू' हे त्याचे आवडते वाक्य. तो नेहमी 'आपण चुकलो' म्हणतो आणि बघतो मात्र एकाकडेच. ही बैठक टर उडवण्यासारखी असली तरी संघ घडतो तो इथेच: कोण घाबरून आधी धूर सोडतो, कोण नॉक झालेल्या, म्हणजे जायबंदी, सोबत्याला उचलायला धावतो आणि कोण त्याची बंदूक उचलायला, हे सगळ्यांसमोर पडद्यावर दिसते.

सरकारनेही या एकजुटीची परीक्षा घेतली आहे. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, त्याच्या जागी २ जुलै २०२१ रोजी बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ रोजी तोही अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत अनेक स्क्वाड विरले. जे टिकले ते बहुधा स्वयंपाकाची पाळी ठरलेली होती म्हणून.

घरी पटवण्यासाठी आयजीएलकडे दोन पुरावे असतात. डिसेंबर २०२२ पासून ईस्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा खात्याकडे आहे, हा एक. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स चॅम्पियनशिपमध्ये मोईन एजाझच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा २ या खेळाच्या संघाने कांस्यपदक मिळवले, हा दुसरा. आई दोन्ही ऐकून घेते आणि मोईनची नोकरी कुठे आहे ते विचारते.

फ्रॅगर चमकू लागला की मोठा संघ त्याला उचलतो. स्नायपरचे लग्न ठरते. आयजीएलला कोणी उचलत नाही, कारण नुसत्या समजूतदारपणाची क्लिप कापून टाकता येत नाही. त्याची बढती ऑफिसातच होते. टीम लीड म्हणून त्याच्या हाताखाली बारा जण येतात, आणि तिथे बाद झालेल्यांनाही बोलायची मुभा असते हे त्याला पहिल्याच बैठकीत कळते.