गाजराची पुंगी

औरंगपुऱ्यात भाजी घेऊन बसणाऱ्या मावशीनं डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्या पिशवीत चौथं किलो गाजर ओतता ओतता विचारलं, "काका, घोडा पाळला काय?"

मी हसून वेळ मारून नेली. चारचौघांत काय सांगणार? घोडा मीच होतो.

त्याचं असं झालं. कॉलेजात लागलेली सिगारेट पन्नाशी उलटली तरी सुटेना. दिवसाला चार. गुलमंडीच्या एका टपरीवर तर मला बघताच काडेपेटी पुढे होते. अशात कुणीतरी मोबाईलवर पाठवलेलं अँटिऑक्सिडंटांचं पुराण मी रात्री दीडपर्यंत वाचलं. धुरानं म्हणे शरीरात फ्री रॅडिकल्स वाढतात. या रेणूंना एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, म्हणून ते शेजाऱ्याचा ओढतात. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकानं गाडी वाकडी लावली की शेवटच्या माणसाची थेट रस्त्यावर येते, तसंच. अँटिऑक्सिडंट म्हणजे आपली जागा देऊन भांडण मिटवणारा सज्जन. जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई, सेलेनियम आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन ही त्यातली बडी मंडळी. मला ताबडतोब सुचलं, की सिगारेट सोडण्यापेक्षा गाजर धरणं सोपं आहे.

सकाळी अर्धा किलो केशरी गाजरांचा रस, दुपारी पपई, रात्री लाल भोपळ्याची भाजी. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं असं कळल्यावर रसात चमचाभर साजूक तूप. ते कसं लागतं हे विचारू नका. प्रत्येक सिगारेटीनंतर मनातल्या मनात एक गाजर जमा करायचो आणि हिशेब चोख ठेवल्याच्या समाधानात पुढची पेटवायचो.

दीड महिन्यानं न्हाव्यानं माझा हात बघितला आणि वस्तरा थांबवला. "काका, कावीळ." घरी येऊन तळवे उजेडात धरले तर हळद कालवून उठल्यासारखे. तळपायही तेच. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे जगाला मी पिवळा दिसत होतो.

शेजारच्या काकूंनी हुकूम सोडला, "डॉक्टर नंतर, आधी कावीळ उतरवून घ्या." मेव्हणा मला स्कूटरवर घालून शहराबाहेर एका उतरवणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या माणसानं हाताला काहीतरी चोळलं, चुन्याच्या पाण्यात धुतलं. पाणी पिवळं झालं, भोवतीची माणसं "उतरली, उतरली" म्हणाली. तळवे होते तसेच. मेव्हण्यानं गंमत म्हणून स्वतःचे हात पुढे केले, तर त्याचंही पाणी पिवळं! तेव्हा दोघांनाही काड्यांची माळ मिळाली. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी लांबत गळ्यात, मग पोटापर्यंत येते. (ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. हे मला नंतर कळलं. मेव्हण्याला अजून पटलेलं नाही.)

तिसऱ्या दिवशी बायकोनं मला माळेसकट डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी पापणी खाली ओढली आणि विचारलं, "गाजर किती?"

"रोज अर्धा किलो," बायको म्हणाली. "वर पपई. वर भोपळा. वर तूप."

कावीळ असती तर डोळ्यांचं पांढरं आधी पिवळं झालं असतं, ते म्हणाले. कॅरोटीन मात्र तळहात-तळपायाच्या जाड कातडीत साचतं, डोळे शुभ्र राहतात. याला कॅरोटिनेमिया म्हणतात. त्यानं इजा होत नाही, हसू होतं. तरी रक्त तपासलं. बिलिरुबिन अगदी ठाकठीक.

मी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाचा वास त्यांना आला असावा. नजर खिशातल्या पाकिटाकडे गेली. मी हिशेबाची माझी पद्धत समजावून सांगितली आणि शहाणपणानं पुढे विचारलं, की रसाऐवजी बीटा कॅरोटीनच्या गोळ्याच घेतल्या तर?

त्यावर त्यांनी फिनलंडची गोष्ट काढली. तिथे 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना जीवनसत्त्व ई, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. फुप्फुसाचा कर्करोग घटेल अशी आशा होती. 1994 साली निकाल लागला, तर बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो 18 टक्के जास्त! अमेरिकेतला असाच दुसरा प्रयोग 1996 मध्ये ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला.

"म्हणजे मी इतके दिवस..." माझा आवाज चिरकला.

"तुम्ही गाजर खाल्लंत, गोळी नाही. गाजराची पुंगी आहे, वाजली नाही तर मोडून खाल्ली," डॉक्टर म्हणाले. "पण सिगारेटीची वजाबाकी तिच्यानं होत नाही."

जीवनसत्त्व क शोधणाऱ्या सेंट-ग्योर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला 1928 साली आपण नेमकं काय वेगळं काढलंय हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं त्या पदार्थाला 'इग्नोज' नाव सुचवलं. संपादक रागावले, तर म्हणाला, मग 'गॉडनोज' ठेवा. देव जाणे! पुढे त्याला नोबेल मिळालं. मी एका रात्रीत सगळं जाणून बसलो होतो, मला माळ मिळाली.

रंग उतरायला दोन महिने लागले. सिगारेटी चारांच्या दोन झाल्यात. त्या दोनांशी बायकोची बोलणी चालू आहेत. काकूंचा ठाम दावा आहे की गुण उताऱ्याचा. मेव्हण्याची माळ पोटाखाली पोचली, तेव्हा न झालेली कावीळ बरी झाल्याबद्दल त्यानं पेढे वाटले.

परवा औरंगपुऱ्यात गेलो आणि मावशीकडे मेथीची एकच जुडी मागितली. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जुडी पिशवीत टाकली आणि हळू आवाजात विचारलं, "गेला का हो घोडा?"