बंबवाल्यांचे २१२ तास

अमेरिकेत आठवड्याचे ४० तास भरले की बहुतेक कामगारांना दीडपट ओव्हरटाइम. १९३८च्या कामगार कायद्यातली ही तरतूद आजही चालू आहे. मग सरकारी अग्निशमन जवानांचा आकडा वेगळा का?

तो आहे २८ दिवसांत २१२ तास. म्हणजे आठवड्याला ५३.

त्याच शहरातल्या पोलिसाचा ओव्हरटाइम १७१ तासांनंतर सुरू होऊ शकतो. बंबवाल्याने आणखी ४१ तास साध्या दराने काढायचे. इतरांचा अख्खा आठवडा, वर एक तास!

कारण ठरलेलं: हे लोक ड्युटीवर झोपतात. २४ तास ड्युटी, ४८ तास सुटी, हे तिथलं जुनं चक्र. पण वर्दी आली की मिनिटाभरात गाडीत चढणाऱ्याच्या डुलकीला झोप म्हणायचं?

तिचा हिशेब बघा. पाळी बरोबर २४ तासांची असेल, तर झोप कामात धरावी लागते. २४च्या वर गेली, की जवानाच्या संमतीने आठ तासांपर्यंत वजा करता येते. मधे वर्दी आली तर तेवढाच वेळ कामाचा. पाच तासही झोप मिळाली नाही, तर मग सगळी रात्र मोजायची.

धुरातून परतलेल्याने आधी अंग धुवायचं की मिनिटं लिहायची?

१९८५च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. कोणाची, ते उघड आहे. रोख ओव्हरटाइमऐवजी तासाला दीड तास बदली रजा. बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांची २४० तासांपर्यंत साठते, जवानांची ४८०. मात्र कामाचा फारच खोळंबा होणार असेल, तर मागितलेल्या दिवशी ती नाकारता येते.

माणसं कमी म्हणून जादा काम. माणसं कमी म्हणून रजा नाही. याला लवचिक वेळापत्रक म्हणतात!

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने आग विझवण्याचा पेशाच कर्करोगकारक ठरवला. तंबाखूच्या गटात टाकला. २१२ मात्र जागचे हलले नाहीत. ४० तास सगळ्यांना, तर यांनाही. मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

आणि जिथे पाचपेक्षा कमी पगारी जवान, त्या गावाला या कायद्याने ओव्हरटाइम द्यावाच लागत नाही. चौघांतला एक आजारी पडला, तर उरलेल्या तिघांचे तास कोण मोजणार?